एकाच हिवाळ्यात दोन अंकी नाटक आणि अहिराणी लघुपट : वेळापत्रक कुठून सुरू करायचं?

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी. आमचा अमळनेर तालुक्यातला १६ जणांचा हौशी गट आहे. दोन प्राथमिक शिक्षक, एक बँकेतला, एक एसटीचा चालक, एकाचं मोबाईलचं दुकान, कॉलेजच्या तीन मुली, बाकी सगळे शेतकरी. यंदा राज्य नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर दोन अंकी नाटक करायचं ठरलंय. त्याच हिवाळ्यात २० पानांचा एक अहिराणी लघुपटही करायचाय. कलाकार जवळपास तेच.

लघुपटात कापसाचं शेत, एक जुना वाडा, एसटी स्टँड आणि तापीचा काठ आहे. कॅमेरा नाशिकहून भाड्याने आणायचा, सलग ४ दिवसांसाठी. तालमीला शाळेचा हॉल रात्री ८ ते १० मिळतो.

मी वहीत तारखा लिहायला बसलो की तिसऱ्या ओळीला गाडी अडते. याची ड्यूटी, त्याची वेचणी, तिची परीक्षा. आधी तारखा धरायच्या, की आधी माणसं, की आधी पैसे? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

शेवभाजी_स्पेशल

आधी जेवणाचं बघा दादा. बाकी सगळं आपोआप लागतं.

पडद्यामागची

दादा, मी बारा वर्षं व्यवस्थापन बघते, रंगमंचावर एकदाही उभी राहिले नाही. माझं उत्तर सरळ आहे : आधी माणसं.

एक मोठा कागद घ्या. उभ्या रकान्यात १६ नावं, आडव्यात ऑक्टोबर ते जानेवारीचा प्रत्येक दिवस. ज्याला जमणारच नाही त्या चौकोनावर फुली. फक्त फुली. "बघतो", "येईन बहुतेक" हे लिहूनच घ्यायचं नाही. हा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर भरून घेऊ नका. प्रत्येकाच्या घरी जा आणि घरच्या बाईमाणसासमोर भरा, कारण साखरपुडा कुठला, जाऊळ कुठलं, कुणाच्या सासरी काय आहे हे तिलाच ठाऊक असतं. आमच्या नायकाने १४ तारीख मोकळी सांगितली होती. त्याच्या आईने आतून आवाज दिला, "अरे, त्या दिवशी तुझ्याच मामेबहिणीची हळद आहे."

फुल्या भरल्या की कागदच बोलायला लागतो. दिवाळीचे आठ दिवस सगळे काळे. तुळशीच्या लग्नानंतरचे शनिवार-रविवार निम्मे काळे. उरले ते तुमचे खरे दिवस. आमचे ६० दिवसांतले २३ उरले होते. ते बघून पोटात गोळा आला, पण त्यानंतर एकही तालीम रद्द झाली नाही.

पुण्यातला_धुळेकर

ताईंचा अनुभव मोठा आहे, पण लघुपटासाठी मी उलटीकडून जाईन. मी सहायक दिग्दर्शक म्हणून काम करतो. आमच्याकडे पहिला दिवस संहितेचा असतो. तिचं ब्रेकडाउन झाल्याशिवाय कुणाला फोनसुद्धा करत नाही.

ब्रेकडाउन म्हणजे प्रत्येक प्रसंगाचा वेगळा कागद : कुठे, दिवस की रात्र, कोण कोण, कपडे कोणते, वस्तू कोणत्या, गाडी, जनावर, गर्दी. मग प्रसंगाची लांबी मोजायची. पानाचे ८ भाग धरतात. अर्धं पान म्हणजे ४ अष्टमांश. ढोबळ हिशोबाने एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट. तुमची २० पानं ४ दिवसांत म्हणजे रोज ५ पानं. चार ठिकाणं आणि हौशी कलाकार असताना हा आकडा जड आहे. त्यात ठिकाण बदललं की सामान बांधणं, नेणं, पुन्हा लावणं यात दोन-अडीच तास जातात. हा वेळ कुणीच कागदावर धरत नाही आणि सगळी वेळापत्रकं इथेच फाटतात.

म्हणून एका ठिकाणचं सगळं एकदाच. वाड्यातले पहिला, सातवा आणि शेवटचा हे तिन्ही प्रसंग एकाच दिवशी. गोष्टीचा क्रम संकलनात लागतो.

साक्रीचा_मास्तर

धुळेकर, इथे मी अडणार.

व्यावसायिक नटाला सकाळी १० ला बापाचं मरण आणि ११ ला त्याच बापाशी भांडण करता येतं. माझ्या शाळेतल्या मुलांकडून मी एकदा असं करून घेतलं. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी, कारण घर त्याच दिवशी मिळत होतं. मुलगी रडली, छान रडली, पण कुणासाठी रडतेय हे तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. तीन दिवसांनी तिची आणि आजीची ओळख कॅमेऱ्यासमोर पक्की झाली, तेव्हा तीच मला म्हणाली, "सर, आता तो प्रसंग पुन्हा करू ना." घर हातातून गेलेलं होतं.

ठिकाणाप्रमाणे करा, पण त्या ठिकाणच्या प्रसंगांमध्ये गोष्टीचा क्रम पाळा. आणि शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी कधीच नाही. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पुण्यातला_धुळेकर

मास्तर, मान्य. पहिला दिवस हलक्या प्रसंगांचा ठेवतो आम्हीही. चालणं, येणं-जाणं, कमी संवाद. पण मग आधी वाड्यात बसून सगळ्या संहितेची क्रमाने तालीम हवी. नाटकवाले आहात, तेवढं तर कराल.

केळीवाला_रावेर

नाटकातलं मला फार कळत नाही, पण शेतातलं सांगतो.

आमच्या मळ्यात एक फिल्मवाले आले होते. चांगली पोरं. केळीच्या बागेत दोन दिवस काम केलं, तिसऱ्या दिवसासाठी "पुढच्या रविवारी येतो" म्हणाले. मधल्या बुधवारी भाव बरा निघाला, व्यापाऱ्याची गाडी आली, आम्ही घड कापून दिले. रविवारी पोरं आली आणि बांधावर उभी राहिली. त्यांच्या गोष्टीत बाग भरलेली पाहिजे होती. माझं चुकलं नव्हतं, त्यांचंही नव्हतं. शेतकरी चित्रीकरणासाठी माल उभा ठेवत नसतो, हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

तुमचा तर कापूस आहे. पांढरं शेत चार दिवस टिकतं. वेचणी झाली की तेच शेत हिरवं-तपकिरी दिसतं. बागायती असेल तर दसऱ्याच्या आसपास पहिली वेचणी येते, कोरडवाहू असेल तर मागे. शेतमालकाशी आत्ताच बोला. एक कोपरा, अर्धा एकर, शेवटी वेचायचा ठरवून घ्या आणि मजुरीची वेगळी खेप पडेल तिचे पैसे त्याला द्या. मागून "एक दिवस थांबा ना काका" म्हणाल तर मजूर परत मिळत नाहीत.

पडद्यामागची

केळीवाले भाऊ, हे सोन्यासारखं सांगितलंत. म्हणजे फुल्यांच्या कागदावर १७ वं नाव शेताचं.

भुसावळ_जंक्शन

कारखान्यात नियोजन विभागात २२ वर्षं काढली, म्हणून थोडं तांत्रिक.

१९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत कारखान्यांच्या कामासाठी 'क्रिटिकल पाथ' पद्धत निघाली. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकेच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' काढली. दोन्हींचा गाभा एकच : कुठलं काम कुठल्या कामाच्या आधी झालंच पाहिजे याची साखळी मांडायची. सगळ्यात लांब साखळी तुमची शेवटची तारीख ठरवते. त्या साखळीतलं काम एक दिवस लांबलं की सगळं एक दिवस लांबतं. बाकीच्या कामांना थोडी ढील असते.

आमच्या कॉलनीच्या नाटकात सगळ्यांना वाटायचं पाठांतर ही लांब साखळी. मांडून पाहिलं तर निघाला सुतार. संहिता, मग नेपथ्याचं रेखाटन, मग माप, मग फ्लॅट्स (नेपथ्याच्या भिंतींच्या लाकडी चौकटी), मग रंग, मग रंग वाळणं, मग त्यात दाराची उघडझाप धरून तालीम. दार डावीकडे उघडतं की उजवीकडे यावर सहा जणांच्या हालचाली अवलंबून होत्या आणि सुतार लग्नाच्या कपाटांत अडकलेला. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला आगाऊ रक्कम दिली आणि दाराची चौकट तेवढी आधी करून घेतली. नुसती चौकट, पाय लावलेली. सहा आठवडे तीच घेऊन तालीम केली.

दादरनी_भाकर

भाऊ, जेवण टाईमवर दिधं ना, मंग माणूस रातभर उभा ऱ्हास. पह्यले भाकर, मंग कॅमेरा. हाई खरी गोट शे.

शेवभाजी_स्पेशल

तेच म्हटलं मी, कुणी ऐकलं नाही. आमच्या पारोळ्याच्या कामात दुपारचं जेवण ३ ला आलं. ३ नंतर एकही शॉट पहिल्या फेरीत झाला नाही. वेळापत्रकात 'जेवण' असा वेगळा प्रसंग लिहा, त्याला क्रमांक द्या आणि तो कापायचा अधिकार दिग्दर्शकालाही नसावा. आणि भरीत-पुरीचा बेत शेवटच्या दिवशी संध्याकाळीच. दुपारी भरीत खाल्लेला माणूस झाडाखालून उठत नाही.

लळिंगवाला

भरीत कुठल्या वांग्याचं ते पण ठरवा. बामणोदची मिळाली तर मीही येतो, रिफ्लेक्टर धरीन.

असोद्याची_लेक

वांगं तुरकाठ्यांवर भाजणार असाल तर मीही येते. गॅसवर भाजणार असाल तर नाही.

चोपड्याचा_साउंड

भरीताच्या धुरात मूळ धागा दिसेनासा व्हायच्या आत आवाजाचं सांगतो, कारण तो नेहमी शेवटी आठवतो.

शेतीच्या फिडरला (पंपांच्या वीजवाहिनीला) बऱ्याच ठिकाणी थ्री-फेज वीज पाळ्यांनी येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. वीज आली की चहूबाजूंच्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू होतात. कानाला सवय असते म्हणून जाणवत नाही, पण माईकला तो घुर्रर्र आवाज संवादाच्या खाली सतत मिळतो आणि मागून नीट निघत नाही. आम्ही सकाळी ९ ला सुरेख एक पान केलं, साडेनऊला मोटारी लागल्या, उरलेलं अर्धं पान वेगळ्याच गावात घडल्यासारखं ऐकू येतं.

म्हणून गावच्या वायरमनकडून त्या आठवड्याची पाळी लिहून घ्या. संवादाचे प्रसंग वीज नसलेल्या वेळात, बिनसंवादाचे वीज असताना. आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट नुसता तिथला आवाज ध्वनिमुद्रित करा. ते एक मिनिट वेळापत्रकात लिहिलेलं नसेल तर कुणी थांबत नाही.

पडद्यामागची

स्पर्धेच्या बाजूने दोन गोष्टी राहिल्या. लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र. यांशिवाय प्रयोग होत नाही, आणि हे कागद तालमी रंगात आल्यावर आठवतात. ज्या दिवशी संहिता नक्की होईल त्याच दिवशी दोन्ही अर्ज. लघुपटासाठी एसटी स्टँडची परवानगी आगाराकडून घ्या. चालक तुमचाच असला तरी तोंडी शब्दावर जाऊ नका, उगाच त्याच्या नोकरीवर येईल.

दुसरी गोष्ट, प्रयोगाच्या दिवसाचीही तालीम करा. नेपथ्य टेम्पोतून उतरवणं, लावणं, प्रकाश लावणं, काढणं. घड्याळ लावून, शाळेच्या मैदानात. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा ठरलेल्या वेळेच्या दुप्पट लागली. नीट पाहिलं तर सगळे नट-बोल्ट आवळायचा एकच पाना शोधत होते. दुसऱ्या फेरीला चार पाने आणले, प्रत्येकाच्या कमरेला दोरीने बांधले.

बोरीकाठचा

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. गेले दहा दिवस घरोघरी फिरून फुल्या भरल्या. ब्रेकडाउनही केलं : ३१ प्रसंग. कापसाच्या शेतातले सगळे मिळून ६ पानं भरतात.

आता खरी अडचण कळली. शेतमालक म्हणतात कोपरा ऑक्टोबर अखेरपर्यंत ठेवू, पुढे नाही. स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे सलग ४ दिवस कुठेच बसत नाहीत. ऑक्टोबरात घ्यावेत तर तालमी बुडतात, जानेवारीत घ्यावेत तर कापूस नाही. दोन तुकडे केले तर नाशिकचा कॅमेरा दोनदा येणार. गाडीभाडं दुप्पट.

आणि आजीचं काम करणाऱ्या आमच्या आत्या ७२ वर्षांच्या आहेत. त्यांना रात्रीचं जमत नाही, सलग उभं राहणंही नाही.

लग्नाचा_व्हिडिओवाला

दादा, नाशिकला कशाला जाता? मी जळगावला लग्नांचं चित्रीकरण करतो. माझ्याकडे जो मिररलेस कॅमेरा आणि लेन्सा आहेत, त्याच वस्तू तुम्ही भाड्याने आणणार. फरक एवढाच की लग्नसराईत मी हाताला लागत नाही.

पण तुळशीच्या लग्नाआधी आम्ही सगळे मोकळे. आणि पौषात पुन्हा मोकळे, तेव्हा लग्नं नसतात. ऑक्टोबर अखेर दोन दिवस आणि जानेवारीत पौष संपायच्या आत दोन दिवस मागा. आमच्यातला कुणीही सराईच्या निम्म्या दराने आनंदाने येईल, कारण तेव्हा सामान कपाटात पडून असतं. दोन्ही वेळा तोच कॅमेरा, त्याच लेन्सा ठेवा. कुठल्या प्रसंगाला कुठली लेन्स, व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटेची जुळणी) किती, हे वहीत लिहा, नाहीतर ऑक्टोबर आणि जानेवारी पडद्यावर वेगळे दिसतील.

पुण्यातला_धुळेकर

हे मला पुण्यात बसून कधीच सुचलं नसतं. उत्तम.

उन्हाचा फरक मात्र धरा. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहाच्या सुमारास मावळतो आणि दिवसभर कललेला राहतो, सावल्या लांब. शेतातून वाड्यात शिरण्याचा प्रसंग असेल तर शेताचा भाग सकाळी किंवा संध्याकाळीच घ्या, म्हणजे दोन्हीकडे तिरकं ऊन मिळेल.

आणि एक प्रश्न : मधे नाटक आहे. नाटकासाठी कुणी केस, दाढी, मिशी बदलणार आहे का?

बोरीकाठचा

अरे देवा. नायक नाटकात पोलीस पाटील आहे, जाड मिशी ठेवणार. लघुपटात त्याला मिशीच नाही.

साक्रीचा_मास्तर

मग लघुपटात ऑक्टोबरात बिनमिशीचा, नाटकात चिकटवायची मिशी, जानेवारीत पुन्हा बिनमिशीचा. गोंद चांगला घ्या आणि तालमीत शेवटचे आठ दिवस ती मिशी लावूनच संवाद म्हणायला लावा. वरचा ओठ ओढला जातो, 'प' आणि 'भ' चे उच्चार बदलतात.

पडद्यामागची

कपड्यांचंही. ऑक्टोबरात वापरलेला प्रत्येक शर्ट, लुगडं, चप्पल पिशवीत घालून पिशवीवर प्रसंग क्रमांक आणि ठळक अक्षरात 'धुऊ नका' लिहा. आमच्या नायकाच्या सदऱ्यावर तेलाचा डाग मुद्दाम पाडलेला होता, गोष्टीत त्याला अर्थ होता. मधल्या महिन्यात घरच्यांनी प्रेमाने धुऊन, निळीत बुडवून, इस्त्री करून दिला. तेव्हापासून पिशव्या माझ्या घरी, कपाटाला कुलूप.

प्रत्येक प्रसंग संपताना प्रत्येक पात्राचा समोरून आणि पाठीमागून मोबाईलवर फोटो. बाह्या दुमडलेल्या की सरळ, पदर कुठल्या खांद्यावर.

आत्याबाईंचं : त्यांचे प्रसंग सकाळी ८ ते ११ मध्येच. रात्रीचा प्रसंग असेल तर वाड्याच्या खिडक्या-दारं काळ्या कापडाने झाकून दिवसा रात्र करा. त्यांची खुर्ची, पाण्याचा तांब्या आणि औषधाची वेळ वेळापत्रकात लिहा. मी तुमच्या जागी असते तर आत्याबाई आणि कापसाचा कोपरा या दोनच गोष्टी आधी बसवल्या असत्या आणि बाकी सगळं त्यांच्याभोवती.

भुसावळ_जंक्शन

ताईंनी माझं सगळं शास्त्र एका वाक्यात सांगितलं. जे सगळ्यात कमी मिळतं ते आधी बसवायचं. इथे ते पैसे नाहीत, कॅमेराही नाही.

बोरीकाठचा

आज रात्री सगळे बसलो. पुण्याच्या दादांनी सांगितलेले प्रसंगांचे कागद होतेच. ते भिंतीवर लावायला पुठ्ठा पाहिजे होता, तर आमच्या मोबाईलवाल्याने घरातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला. कात्रीने बोटभर रुंद ३१ पट्ट्या कापल्या. मागच्या कोऱ्या बाजूला प्रसंग क्रमांक, पात्रं आणि पानाचे अष्टमांश. पुढच्या बाजूला कुठे गणपती अर्धा, कुठे कुणाचं 'चि. सौ. कां.'. शाळेच्या भिंतीवर सुतळी बांधून चिमट्यांनी टांगल्या.

आत्यांच्या ९ पट्ट्या कोपऱ्यातून पिवळ्या रंगवल्या आणि त्या आधी लावल्या, सगळ्या सकाळच्या. मग कापसाच्या. त्या ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी बसल्या. संवादाचे प्रसंग वायरमनने दिलेल्या पाळीप्रमाणे मागे-पुढे केले. शेवटचा प्रसंग मास्तरांच्या नियमाने जानेवारीतल्या चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी. तालमीचे २६ दिवस उरले. दाराची चौकट सोमवारी येतेय.

एकच पट्टी कुठे बसेना : तापीच्या काठावरची, ज्यात सगळेच्या सगळे १६ जण लागतात. १६ जण मोकळे असलेला एकही दिवस कागदावर नाही. तासभर सुतळीवर ती पट्टी सरकवत होतो. शेवटी आत्या म्हणाल्या, "अरे, संक्रांतीले सकायमा आपुन सम्दाच तापीवर जातस ना?"

केळीवाला_रावेर

संक्रांतीला काठावर गर्दी असते, आवाज असतो. पहाटे लवकर जा.

चोपड्याचा_साउंड

त्या प्रसंगात संवाद आहेत का?

बोरीकाठचा

तीन ओळी. आज रात्री लेखकाने दोन कापल्या.

लळिंगवाला

मी रिफ्लेक्टर घेऊन पहाटे ६ ला काठावर आहे. भरीत संध्याकाळी धरून चालतो.

असोद्याची_लेक

तुरकाठ्या मी आणते.